येतानाचा वारा

सांताक्रूझला राहणाऱ्या माणसाचे बोलणे दर दोन-चार मिनिटांनी अडते. डोक्यावरून विमान जाते, आपण अर्धे वाक्य तोंडात धरून बसतो आणि आवाज विरला की ते पुरे करतो. आमच्या घरी मात्र त्यानंतर आईचा एक प्रश्न असतो : "हे लंडनचं का रे?"

दादा लंडनला असतो. तो प्रथम गेला तेव्हा तिने विचारले होते, "किती लांब?"

"सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर," मी म्हणालो. मास्तरकीची ही खोडच आहे. उत्तर बरोबर येते, पण विचारणाऱ्याच्या उपयोगाचे नसते.

"तासांत सांग."

तासांत सांगणे तितके सोपे नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम घेत. आता विमान एका दमात जाते. जायला दहा तास धरा, यायला नऊ. पण घड्याळावर विसंबाल तर फसाल. हिवाळ्यात दुपारी एकला इथून निघालेला माणूस तिथल्या साडेपाचला उतरतो. घड्याळाच्या हिशेबी प्रवास साडेचार तासांचा! उलट रात्री नऊला तिथून निघालेला इथे दुसऱ्या दिवशी साडेअकराला पोहोचतो. म्हणजे साडेचौदा तास! दोन्ही गावांच्या घड्याळांतल्या साडेपाच तासांच्या फरकाची ही करामत. वास्तविक येणेच लवकर होते. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात.

आईने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे जाणाऱ्याला अडवतो आणि येणाऱ्याला ढकलतो. शहाणा आहे की वारा!"

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. रात्री दोन वाजता मी दादाला फोन केला. नातेवाईक जमले. मामांचे म्हणणे, दुपारच्या आत उरकावे. मुलाची वाट किती पाहायची? मी काहीच बोललो नाही. दोघांपैकी एक मुलगा हजर होता, आणि तो मी होतो.

आई म्हणाली, "वारा पाठीमागून आहे. थांबू या."

विमानाला नऊच तास लागले. पण तिकीट मिळणे, घरापासून विमानतळ गाठणे, तिथे ताटकळणे, इथे रांगेत उभे राहणे, हे सारे धरून दादा दारात आला तो सव्वीस तासांनी. आई जागीच होती. "दमला असशील," एवढेच ती म्हणाली.

अजूनही फोनवर दादा तिला समजावतो, "आई, काळजी कशाला? नऊ तासांवर तर आहे मी!" ती "हो रे बाबा" म्हणते. फोन ठेवल्यावर मला सांगते, "नऊ विमानाचे. वरचे सतरा तो धरतच नाही."

या दिवाळीला तो येतो आहे. विमान पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी दुपारी उतरायचे आहे. आईने मात्र उटणे आठवडाभर आधीच आणून ठेवले आहे, आणि विमान गेले की अलीकडे ती विचारते, "हे येणारं का रे?"