लेकींनी पाहिलेली आई

मराठी मनातील आईची प्रतिमा प्रामुख्याने मुलग्यांनी घडविली आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर वाढल्या. त्या प्रतिमेचे थोरपण निर्विवाद आहे. परंतु लेक आईकडे वळून पाहते, तेव्हा तिला वात्सल्यमूर्तीच्या आड आपल्याआधी त्याच वाटेने गेलेली एक स्त्री दिसते.

पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने. अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना विद्या दिली. तीच पुढे लेकीकडे आली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात लक्ष्मीबाई गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर रमाबाईंनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८८७ साली निघाला, तो त्यांनी आईच्याच स्मृतीस अर्पण केला.

उर्मिला पवार यांच्या आईजवळ अशी विद्या नव्हती. कोकणात बांबूच्या टोपल्या, सुपे विणून तिने पतीच्या पश्चात मुले वाढविली. लेकीने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे त्या विणकामाचेच नाव दिले. एका आईने लेकीला अक्षर दिले, दुसरीने कष्टाची वीण. दोघींचेही ऋण लेकींनी उघडपणे मांडले.

तथापि असे ऋण सरळ हिशेबाचे क्वचितच असते. लेकीच्या शाळेसाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारी आईच ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ असे बजावते. भावाच्या वाटीत दुधाची साय वाढणारा हातही तिचाच असतो. हे बोलून दाखविणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. घरातले नियम आईने केलेले नव्हते. ते मोडणाऱ्या मुलीचे काय होते, हे तिने पाहिले होते. तिची जरब पुष्कळदा भीतीपोटीच होती. हे कळल्याने लेकीच्या मनातला सल नाहीसा होत नाही, मात्र त्याचा खरा धनी कोण, हे उमगते. आईला मखरात बसविण्याने किंवा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याने ते उमगणार नाही.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव येते, मग वडिलांचे. निर्णय स्वागतार्हच आहे. पण नाव नोंदविले म्हणजे आयुष्य नोंदले गेले, असे होत नाही. तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, कशामुळे सुटली, तिला काय व्हायचे होते, हे कोणत्याच रकान्यात मावणारे नाही. ते तिलाच विचारले पाहिजे, आणि ती सांगण्यास आहे तोवरच विचारले पाहिजे. बहुतेक लेकींना हे प्रश्न सुचतात ते आई गेल्यानंतर.