पाळण्यापाशी गाणार कोण?

घरात मूल जन्माला आले की आईबापांना त्याच्या बुद्धीची काळजी लागते. आणि काळजी आली की तिच्यावरचा तोडगा विकणाराही दारी येऊन उभा राहतो. ‘बाळाला अमुक संगीत ऐकवा, ते हुशार होईल’ हा अशाच तोडग्यांपैकी एक. त्याचे मूळ तपासून पाहण्याजोगे आहे.

१९९३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकविण्यात आली. त्यानंतर आकृत्यांची कोडी सोडविण्यात त्यांना थोडे अधिक यश आले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. या प्रयोगात तान्हे मूल एकही नव्हते. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पोचविण्यासाठी विधिमंडळाकडे १,०५,००० डॉलर मागितले! शास्त्राचा एक लहानसा निष्कर्ष बाजारात व राजकारणात कसा फुगतो, याचा हा नमुनाच होय.

म्हणून तान्हुल्याला संगीत कळत नाही, असे मात्र नव्हे. एरिन हॅनन व सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, बाल्कन प्रदेशातील विषम लयीत केलेला बिघाड उत्तर अमेरिकेतील प्रौढांना ओळखता येत नाही, पण तेथीलच सहा महिन्यांच्या बालकांना तो जाणवतो. वर्षाचे होईतो कान घरातल्या लयींना सरावतात आणि परक्या लयींना दुरावू लागतात. थोडक्यात, बाळ सर्व लयींचे दरवाजे उघडे ठेवूनच जगात येते. त्यांतून आत काय येणार, हे घर ठरविते.

परंतु नुसते कानावर पडणे पुरेसे नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही बालकांनी पालकांसह गाण्याबजावण्यात भाग घेतला. इतरांच्या खेळात ध्वनिमुद्रित संगीत केवळ पार्श्वभूमीला होते. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुले बोट दाखविणे, हात हलवून निरोप देणे अशा खुणांत पुढे होती आणि नव्या प्रसंगी कमी बावरत होती. गाणे तेच असले तरी समोर माणूस आहे की यंत्र, याने फरक पडतो.

मराठी घराला हे नवे वाटू नये. पायांतले वाळे, हातातला खुळखुळा, टाळ्यांवरची बडबडगीते आणि बारशाचा पाळणा ही आपली जुनी संगीतशाळाच होती. तिला शुल्क नव्हते. बाळाने चमचा वाटीवर आपटला की बापाने तसाच आपटावा, मग थांबावे आणि उत्तराची वाट पाहावी. हा सवाल-जवाब म्हणजेच पहिला ताल. त्यात चूक काढायची नसते, परीक्षाही घ्यायची नसते. बाळाने तोंड फिरविले की खेळ संपला, एवढे ओळखले म्हणजे झाले.

दिवसभर नोकरी करून थकलेल्या आईबापांना हा उपदेश जाचक वाटेल, आणि त्यांची अडचण खोटी नाही. पण या खेळाला वेगळा वेळ लागत नाही. बाळाला न्हाऊ घालताना, कपडे बदलताना, निजविताना तो होऊन जातो. आवाज बेसूर आहे ही सबबही बाळाच्या दरबारात चालत नाही. त्याला ओळखीचा आवाज हवा असतो. उलट थकव्यापोटी हाती दिला जाणारा मोबाईल हा यावरचा उपाय नव्हे. एक वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूरच ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टपणे सुचविले आहे.

मूल पुढे गवई होईल की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. आपण आवाज केला आणि कोणीतरी ऐकून उत्तर दिले, हा अनुभव त्याला पहिल्या वर्षात मिळतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. तो अनुभव कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो देण्यासाठी पाळण्यापाशी माणूसच बसावा लागतो.