ओवाळून दार उघडत नाही

अंतराळ संशोधनातील स्त्रियांचा गौरव करणाऱ्या सार्वजनिक संध्याकाळींची प्रथा आता चांगली रुळली आहे. २०२१ साली ४ ते १० ऑक्टोबर या काळात पाळल्या गेलेल्या जागतिक अंतराळ सप्ताहाचा विषयच ‘अंतराळातील स्त्रिया’ असा होता. त्यामुळे या प्रथेला आंतरराष्ट्रीय अधिष्ठानही लाभले. दीपप्रज्वलन होते, तेरेश्कोवा, कल्पना चावला, सुनीता विल्यम्स यांच्या तसबिरींना हार घातले जातात, शाळकरी मुली भाषणे करतात आणि अखेरीस अध्यक्ष सांगतात की, जिद्द असली म्हणजे आकाश ठेंगणे होते. मुलींना त्यातून हुरूप येतो. त्याला कोणी नाव ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो अध्यक्षांच्या अखेरच्या वाक्याला. ते इतिहासाला धरून नाही आणि ते कोणाच्या सोयीचे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम अमेरिकेचा दाखला घ्यावा. पहिल्या सात अमेरिकी अंतराळवीरांची निवड होत असताना त्यांच्या वैद्यकीय चाचण्या अल्बुकर्क येथील लव्हलेस यांच्या संस्थेत झाल्या. त्याच चाचण्या १९६० व १९६१ साली काही महिला वैमानिकांनी दिल्या आणि जेरी कॉब यांच्यासह १३ जणी उत्तीर्ण झाल्या. जिद्द होती, शरीर समर्थ होते, कॉब यांच्या खाती तर उड्डाणाचे हजारो तास जमा होते. तरीही १९६१ च्या सप्टेंबरात पुढील चाचण्या रद्द करण्यात आल्या. १९६२ च्या जुलैमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा खरे कारण चव्हाट्यावर आले. अंतराळवीर हा जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असला पाहिजे, अशी नासाची अट होती. आणि चाचणी-वैमानिक घडविणाऱ्या लष्करी शाळांत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. स्त्रियांना मनाई आहे, असे कोठेही लिहावे लागले नाही. अटीनेच ते काम परस्पर उरकले. जॉन ग्लेन यांनी साक्षीत, स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेतील वस्तुस्थिती आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच ग्लेन यांची निवड झाली तेव्हा त्यांची महाविद्यालयीन पदवी पूर्ण झालेली नव्हती! पदवी अथवा तत्सम पात्रता चालेल, ही सवलत त्यांच्या कामी आली. कॉब यांनी अनुभवाच्या बाबतीत अशाच तत्समतेची मागणी केली, तेव्हा मात्र नियम ताठ उभा राहिला.

हे दार पुढे उघडले ते कशामुळे? जिद्द १९६२ साली होती तशीच १९७८ सालीही होती. बदलला तो कायदा. मधल्या काळात नागरी हक्कांची आणि स्त्रीमुक्तीची चळवळ रस्त्यावर आली, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील समान रोजगाराची तरतूद १९७२ साली संघराज्य सरकारच्या खात्यांनाही लागू झाली, अवकाशयानात वैमानिकाखेरीज शास्त्रज्ञांसाठी वेगळी जागा निर्माण झाली आणि १९७८ च्या तुकडीतील ३५ जणांत ६ स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांच्यापैकी सॅली राइड १९८३ साली अंतराळात गेल्या.

सोविएत संघाकडे बोट दाखवून समाजवाद्यांनी स्वतःची सुटका करून घेऊ नये. यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत काम केलेली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १६ जून १९६३ रोजी अंतराळात गेली आणि पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घालून परतली, ही कामगारवर्गाला ललामभूत अशीच घटना होती. पण तिच्यासमवेत प्रशिक्षण घेतलेल्या इतर चौघींना एकदाही उड्डाण मिळाले नाही. जगाला दाखवायचा विक्रम पदरात पडताच १९६९ साली ती तुकडी बरखास्त करण्यात आली आणि दुसऱ्या स्त्रीला, स्वेतलाना साव्हित्स्काया यांना, १९८२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या अंतराळस्थानकात पोहोचल्या तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टेने त्यांच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन धरला. एका स्त्रीला मखरात बसवून बाकीच्यांना घरी पाठविण्याची युक्ती भांडवलशाहीला जेवढी साधते, तेवढीच नोकरशाहीलाही साधते, हाच याचा धडा आहे.

या समारंभांत आणखी एक मौन पाळले जाते; ते श्रमाविषयीचे आहे. चंद्रावर उतरलेल्या अमेरिकी अंतराळवीरांचे पोशाख डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी शिवले. स्त्रियांची अंतर्वस्त्रे तयार करणाऱ्या उद्योगाचीच ती शाखा होती. चांद्रयानाला वाट दाखविणाऱ्या संगणकाची स्मृती मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यात स्त्रियांनी बारीक तार ओवून अक्षरशः हाताने विणली. एक टाका वा एक तार चुकती, तर माणूस प्राणास मुकता. अंतराळ संशोधनातील स्त्रिया या शब्दांत यांचा समावेश कोण करतो? तसबीर लागते ती उडणाऱ्याची. जिच्या हातांवर त्याचे प्राण अवलंबून होते, तिचे नावही कोणाला ठाऊक नसते.

हे मौन भांडवलाच्या पथ्यावर कसे पडते, हे अलीकडे उघडच दिसले. १९६१ च्या त्या १३ जणींपैकी वॉली फंक २० जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, जेफ बेझोस यांच्या खासगी यानातून अंतराळाला स्पर्शून आल्या. सरकारने नाकारलेला हक्क धनिकाच्या मेहेरबानीने मिळाला, आणि जगाने टाळ्या वाजविल्या. परतल्यावर बेझोस यांनी अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांचे व ग्राहकांचे आभार मानले, या सर्वाचा खर्च तुम्हीच केला आहे, अशा अर्थाने. एवढी प्रांजळ कबुली क्वचितच मिळते! पुढे १४ एप्रिल २०२५ रोजी त्याच कंपनीने पॉप गायिका केटी पेरी यांच्यासह ६ स्त्रियांना सुमारे ११ मिनिटांची सफर घडविली आणि ती स्त्रीजातीची झेप म्हणून गाजविण्यात आली. वखारींतून उभ्याने राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमातून जमलेल्या वरकड मूल्यावर ६ जणींनी केलेला विहार हा स्त्रीमुक्तीचा टप्पा कसा ठरतो, याचे उत्तर या समारंभांच्या आयोजकांनी द्यावे.

भारतात तर १९६२ ची ती अट गगनयानाच्या निवडीतही जिवंत होती. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावे थुंबा येथे जाहीर झाली. चौघेही पुरुष, चौघेही हवाई दलाचे चाचणी-वैमानिक. हवाई दलाने लढाऊ विमाने स्त्रियांच्या हाती प्रथम दिली ती २०१६ साली. मग चाचणी-वैमानिकांतून निवड करताना स्त्री सापडणार कोठून? मानवरहित चाचणी उड्डाणासाठी मात्र ‘व्योममित्र’ नावाचा स्त्रीरूपी यंत्रमानव घडविण्यात आला आणि २०२० साली तो कौतुकाने दाखविण्यात आला. स्त्रीची आकृती चालते; अडचण आहे ती हाडामांसाच्या स्त्रीची! मंगळयानाच्या यशानंतर २०१४ साली साडी नेसलेल्या महिला शास्त्रज्ञांचे छायाचित्र घरोघर पोहोचले; चांद्रयान-२ या मोहिमेची सूत्रे २०१९ साली एम. वनिता आणि रितू करिधाल यांनी सांभाळली. असे असूनही १९६९ साली स्थापन झालेल्या इस्रोच्या अध्यक्षपदी २०२५ अखेरपर्यंत एकही स्त्री बसलेली नव्हती.

उलट दाखला महाराष्ट्रातच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला तो कोणाच्या सत्कारामुळे नव्हे. त्यासाठी याचिका झाली, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला, २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातील १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. उद्याच्या चाचणी-वैमानिक याच वाटेने येऊ शकतील.

आदर्श समोर असल्याखेरीज मुली स्वप्ने पाहणार नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण स्वप्न दाखवून अटीविषयी गप्प बसणे म्हणजे उद्याच्या अपयशाचे खापर आजच त्या मुलीच्या माथी फोडून ठेवणे होय. जिद्दीनेच सारे मिळते, असे एकदा शिकविले की, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती, हे आपोआप सिद्ध होते. आणि व्यवस्था निर्दोष सुटते.

म्हणून कार्यकर्त्यांनी या समारंभांवर बहिष्कार घालू नये. तेथे जावे, आणि विचारावे. अंतराळवीरांच्या पुढील निवडीत अभियंते व शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रवेशमार्ग ठेवणार की नाही? अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करताना तेथील कंत्राटी कामगार स्त्रियांच्या वेतनाची व पाळणाघराची हमी कोण देणार? तालुक्यातील किती शाळांत मुलींसाठी चालू प्रयोगशाळा आहे? हे प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडावेत, आणि टाळ्यांचा कडकडाट ओसरण्यापूर्वी त्यावर सभागृहाचे मत घ्यावे. तसबिरीवरचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. मंजूर झालेला ठराव पाठपुरावा केल्यास टिकतो.