अण्णाभाऊंचे मॉस्को, पर्यटकांचे मॉस्को

बिबवेवाडीतील लोकशाहीर अण्णाभाऊ साठे सभागृह परिसरातील साऱ्यांच्या परिचयाचे आहे. तेथे कार्यक्रमाला जाणाऱ्यांपैकी 'फकिरा' वाचलेले अनेकजण असतील. पण या शाहिराने १९६१ मध्ये मॉस्को पाहून 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले, हे ठाऊक असणारे थोडेच. युरोपच्या सहलींकडे मराठी मध्यमवर्गाचा ओढा वाढत असताना आणि त्यात आता मॉस्कोचेही नाव येत असताना या प्रवासाकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरावे.

अण्णाभाऊंचा पहिला मोठा प्रवास वाटेगाव ते मुंबई हा होता आणि तो त्यांनी लहानपणी कुटुंबासह पायी केला. गिरणीत काम, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत वास्तव्य, १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह उभारलेले लाल बावटा कलापथक आणि त्याआधी रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा, अशी शिदोरी घेऊन हा माणूस मॉस्कोला गेला. दलित साहित्यातील पहिले प्रवासवर्णन म्हणून या पुस्तकाचा उल्लेख केला जातो. विलायतेला जाणारा मराठी लेखक तोवर बहुधा शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने आणि पांढरपेशा घरातून जात असे. अण्णाभाऊंच्या प्रवासाचे वेगळेपण तेथेच आहे.

अर्थात, शिष्टमंडळातील पाहुण्याला यजमान दाखवतील तेच दिसते. निकिता ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ मध्येच स्टालिनच्या दडपशाहीचा पाढा पक्षाच्या अधिवेशनात वाचला होता. १९६१ च्या ऑक्टोबरअखेर स्टालिनचे पार्थिव लाल चौकातील लेनिनच्या समाधिगृहातून हलवण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये स्टालिनग्राडचे नामांतर व्होल्गोग्राड असे झाले. ज्या शहराचा पोवाडा गाइला, त्याचे नावच त्या वर्षी नकाशावरून गेले! अण्णाभाऊंची श्रद्धा समजून घेताना हा संदर्भ वगळून चालणार नाही.

या प्रवासाचा सरकारी सन्मान झाला तो मात्र सहा दशकांनंतर. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या राज्य ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. कम्युनिस्ट शाहिराचा गौरव कम्युनिझमच्या कट्टर विरोधकांनी करावा, हा योगायोग नव्हे. अण्णाभाऊ ज्या मातंग समाजातून आले त्याची मते सर्वच पक्षांना हवी आहेत आणि लाल बावटा बाजूला ठेवून केवळ 'लोकशाहीर' उचलणे सोयीचे आहे. शिवाय युक्रेनवरील आक्रमणाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. पाश्चात्य देश रशियाकडे पाठ फिरवत असताना मित्रदेशाचा असा सांस्कृतिक सोहळा मॉस्कोलाही हवाच असणार.

पर्यटकाच्या दृष्टीने पाहता मॉस्कोजवळ दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. १५५५ ते १५६१ या काळात बांधलेले सेंट बेसिलचे रंगीत घुमटांचे चर्च, क्रेमलिन, बोल्शॉय नाट्यगृह आणि रशियन चित्रकलेचे भांडार असलेली त्रेत्याकोव्ह गॅलरी. १९३५ मध्ये सुरू झालेली मेट्रो तर स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळच म्हणावी लागेल. संगमरवर, झुंबरे आणि भित्तिशिल्पांनी सजवलेली स्थानके ही कष्टकऱ्यांचे राजवाडे ठरावीत, अशी त्यामागची कल्पना होती. नव्या मेट्रोने स्वारगेटला उतरणाऱ्या पुणेकराला ती पाहून हेवा वाटला तर नवल नाही.

भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळू लागल्याने तेथे जाणे सोपे झाले. पॅरिस किंवा रोमसाठी शेंगेन व्हिसाची तारीख मिळवताना होणारी दमछाक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. तरीही सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत ठळकपणे येत नाहीत अशा काही गोष्टी आहेत. व्हिसा व मास्टरकार्ड यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातील व्यवहार थांबवले. त्यामुळे भारतीय बँकेचे त्यांचे कार्ड तेथे चालत नाही, रोकड बाळगावी लागते. ड्रोन हल्ल्यांच्या भीतीने मॉस्कोच्या विमानतळांवरील उड्डाणे वारंवार रोखली गेली आहेत. २२ मार्च २०२४ रोजी शहरालगतच्या क्रोकस सिटी हॉलवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १४० हून अधिक लोक मारले गेले. कुटुंबासह जाणाऱ्याने हे सारे पैसे भरण्यापूर्वी विचारात घ्यायला हवे. युद्ध चालू असलेल्या देशात मौजेसाठी जावे काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःशी सोडवायचा आहे. पण तो मनात येऊच नये, हे ठीक नव्हे.

जे जातील त्यांनी ग्रंथालयातील पुतळ्यासाठी तासभर अवश्य राखून ठेवावा. ग्रंथालयाच्या आवारात जगभरच्या लेखक-विचारवंतांचे अर्धपुतळे आहेत. निघण्यापूर्वी पुस्तक वाचलेले असले तर उत्तम, कारण पुतळ्यावरून अण्णाभाऊंनी काय पाहिले ते कळत नाही. तेथे जाण्यासाठी तागान्स्काया या मेट्रो स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. साठच्या दशकात या स्थानकातून काढून टाकलेल्या स्टालिनच्या भित्तिशिल्पाची प्रतिकृती मे २०२५ मध्ये तेथे पुन्हा बसवण्यात आली आहे. त्याआधी एप्रिलमध्ये व्होल्गोग्राडच्या विमानतळाला स्टालिनग्राड हे नाव देण्याच्या आदेशावर पुतिन यांनी स्वाक्षरी केली.