घरची भेट आणि सोबतची चिठ्ठी

दिवाळीला आता तीन आठवडे राहिले. बाजारपेठेत आकाशकंदील लटकू लागले आहेत, किराणा दुकानदारांनी रवा-बेसनाची पोती पुढच्या बाजूला आणून ठेवली आहेत आणि दवाखान्यात येणाऱ्या भगिनींच्या बोलण्यात स्वतःच्या दुखण्यापेक्षा अनारशाच्या पिठाची काळजी अधिक दिसते. यंदा आणखी एक गोष्ट वारंवार कानावर येते. ‘‘डॉक्टर, या वर्षी विकतची मिठाई कुणालाच द्यायची नाही असं ठरवलंय. सगळं घरी करूनच देणार.’’ कोणी लाडू देणार आहे, कोणी उटण्याच्या पुड्या, कोणी डोक्याला लावायचे तेल, तर कोणी मुखवास.

मला हे मनापासून आवडते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी रुसणार नाही. सणाच्या दिवसांत खव्याला मागणी वाढते आणि भेसळही वाढते. अन्न व औषध प्रशासनाने छापे घातल्याच्या बातम्या दरवर्षी आपण याच पानांवर वाचतो. त्यापेक्षा आपल्या माणसासाठी आपल्या हाताने चार लाडू वळावेत, यात आरोग्य आहे आणि माया तर आहेच. परंतु ‘घरचं आहे, त्याने काही होत नाही’ या वाक्यावर मात्र माझा विश्वास राहिलेला नाही. तो का उडाला, हे सांगायचे तर मला माझीच चूक सांगावी लागेल.

आमच्या घरी पूर्वी दर दिवाळीला अमृतधारा करण्याचा परिपाठ होता. कापूर, ओव्याची फुले आणि पुदिन्याची फुले समभाग घेऊन काचेच्या बाटलीत एकत्र केली, की तिन्ही घन पदार्थांचे आपोआप पाणी होते. लहानपणी मला ती जादूच वाटे. डोके दुखले तर कपाळाला, सर्दी झाली तर रुमालावर, पोटात मुरडा आला तर बत्ताशावर दोन थेंब. फराळाच्या ताटाबरोबर स्नेह्यांना एकेक बाटली द्यायची, ही माझ्या वडिलांची पद्धत मी पुढे चालवली. बाटल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तशा, लहान आणि काचेच्या. वर काही लिहायचे असते, हे डॉक्टर असूनही माझ्या कधी डोक्यात आले नाही. सगळे ओळखीचेच, प्रत्येकाला ठाऊकच होते की ही अमृतधारा.

2016 च्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी माझ्या एका जुन्या स्नेह्याचा फोन आला. दोन वर्षांच्या नातवाने बाटली तोंडाला लावली होती. मी विचारले, ‘‘कसली बाटली?’’ तो म्हणाला, ‘‘तुझीच.’’

झाले असे की आजींच्या होमिओपॅथीच्या गोळ्या तशाच बाटलीत असत, आणि त्यातली एखादी गोड गोळी नातवाला कधीमधी मिळत असे. मुलाने बाटली ओळखली. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच चूक केली नव्हती. अर्धी बाटली सांडली, बाकीची किती पोटात गेली कोण जाणे. मी त्यांना तडक जिल्हा रुग्णालयात निघायला सांगितले आणि मीही निघालो. रुग्णालयाच्या पायऱ्या चढतानाच मुलाला झटके सुरू झाले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फार तत्परतेने इंजेक्शन देऊन ते थांबवले. रात्रभर मूल देखरेखीखाली होते आणि मी बाहेरच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी ते हसत-खेळत घरी गेले, पुढेही काही त्रास राहिला नाही. स्नेही मला एका शब्दाने बोलले नाहीत. वहिनींनी मात्र विचारले, ‘‘भावजी, एवढं घातक असतं तर देताना का नाही सांगितलंत?’’

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

वाचकहो, कापूर देवघरात असतो म्हणून आपण त्याला निरुपद्रवी समजतो. पोटात गेलेला कापूर थेट मेंदूवर परिणाम करतो. काही मिनिटांत, फार तर तास-दीड तासात झटके येऊ शकतात. एक ग्रॅमइतका कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि आमच्या त्या चिमुकल्या बाटलीत भरली तेव्हा जवळपास तेवढाच होता. म्हणून सांधेदुखीचे घरगुती तेल, छातीला चोळायचा घरगुती बाम, अमृतधारा, यांपैकी काहीही लहान मूल असलेल्या घरी भेट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कुठल्याही मुलाने असे काही गिळलेच, तर बोटे घालून उलटी काढू नका. उलटीच्या वेळीच झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते. दूध-तूप पाजत बसू नका. मूल आणि बाटली दोन्ही घेऊन रुग्णालय गाठा.

त्या रात्री बाकावर बसून मी एकच विचार करत होतो. विकतच्या खोकल्याच्या औषधावर किती काय छापलेले असते! आत काय आहे, किती आहे, मुलांपासून दूर ठेवा, अमुक तारखेनंतर वापरू नका. मिठाईवाल्यालाही आता तारीख टळत नाही. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कधीपर्यंत खावी हे लिहिणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंधनकारक केले. घरच्या डब्यावर मात्र काहीच नसते. तिथे आपण फक्त विश्वास पाठवतो, आणि घेणारा तो डोळे मिटून तोंडात टाकतो. परक्याच्या हातची वस्तू माणूस चार वेळा उलटून पाहतो, घरच्याची पाहत नाही.

आता लाडवांकडे वळतो, कारण अमृतधारेचा प्रसंग क्वचित घडतो, लाडवांचा मात्र दर दिवाळीत घडतो.

अलीकडे ‘बिनसाखरेचे लाडू’ भेट देण्याची टूम निघाली आहे. हेतू उत्तमच. घरात कोणाला तरी मधुमेह असतोच. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. तेव्हा साखर टाळून खजूर, मनुका, अंजीर, काजू-बदाम असे लाडू केले जातात, किंवा साखरेऐवजी गूळ घातला जातो. एका आजींकडे शेजारच्या सूनबाईंनी असा खजुराच्या लाडवांचा डबा दिला. आजी पथ्याच्या पक्क्या. पंधरा वर्षे बिनसाखरेचा चहा घेणाऱ्या. पण ‘यात साखर नाही’ म्हटल्यावर त्यांनी रोज तीन-तीन लाडू खाल्ले. सकाळी एक, दुपारी एक, रात्री दुधाबरोबर एक. भाऊबीजेनंतर माझ्याकडे आल्या तेव्हा पायाची जखम चिघळलेली आणि रक्तातली साखर 380.

हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमहून अधिक साखर असते. मनुकांचेही जवळपास तेच. चाळीस ग्रॅमच्या लाडवात पंचवीस ग्रॅम खजूर धरला तर पंधरा ग्रॅम साखर झाली, म्हणजे चहाचे तीन चमचे. आपला नेहमीचा बेसनाचा लाडू घ्या, त्यातही जवळपास तेवढीच असते! गुळाचे तर विचारूच नका. गुळात खनिजे असतात हे खरे, पण तो मुख्यतः साखरच आहे, आणि मधुमेहाला त्याच्या तपकिरी रंगाचे काही कौतुक नाही. खजुरात चोथा असतो, त्यामुळे साखर थोडी सावकाश चढते, एवढे श्रेय मी त्याला देतो. साखर काबूत असलेल्या माणसाने जेवणाबरोबर अर्धा लाडू खाल्ला तर मी काही काठी घेऊन मागे लागणार नाही. नऊ चमचे वेगळे, एवढेच.

त्या सूनबाई पुढे मला भेटल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ‘‘मी तर त्यांच्यासाठीच मुद्दाम वेगळे केले होते हो.’’ मी त्यांना रागावलो नाही. रागवायचे काय? त्यांनी चूक केली ती लाडवात नव्हे, शब्दात. ‘यात साखर नाही’ असे न म्हणता ‘यात खजूर आहे’ असे म्हटले असते, तर आजींनी स्वतःच हात आखडता घेतला असता. पंधरा वर्षांत त्यांना तेवढे कळत होते. आजींची जखम भरायला पुढे दोन महिने लागले.

तुपाचेही थोडे सांगतो. बेसनाच्या एका लाडवात साधारण दोनशे उष्मांक असतात, म्हणजे एका ज्वारीच्या भाकरीएवढे. भाकरीने पोट भरते, लाडवाने भरत नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून भेटीचे लाडू लहान वळा. सुपारीपेक्षा थोडे मोठे. पाहणाऱ्याला कंजूषपणा वाटेल, वाटू द्या.

तिखट-मिठाच्या पदार्थांत आणखी एक नवा घोळ शिरला आहे. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. रक्तदाबाच्या माणसासाठी चिवडा करताना काही जाणकार मंडळी ते वापरतात. बहुतेकांना ते चालते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 च्या जानेवारीत अशा मिठाच्या बाजूने शिफारस केली; पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना त्यातून वगळून. कारण सोडियमच्या जागी त्यात पोटॅशियम असते. दुबळ्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाची गती बिघडवते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही ते वाढते. तेव्हा दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या चिवड्यात साधेच मीठ घाला, फक्त निम्मे घाला.

मध घातलेला आवळा, मधातले आले या भेटीही हल्ली दिसतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये; त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजांनी तान्ह्याच्या आतड्यात विष तयार होऊ शकते. बाळ असलेल्या घरी अशी बरणी पाठवलीत, तर हे सांगूनच पाठवा.

उटण्याबद्दल मला फारशी तक्रार नाही. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या वासाशिवाय दिवाळी वाटत नाही. पण काहीजण त्यात बावचीही घालतात आणि लिंबाची वाळलेली साल दळून टाकतात. या दोन्हींतल्या काही द्रव्यांमुळे कातडी उन्हाला नाजूक होते. उटणे नीट धुतले गेले नाही आणि माणूस उन्हात फिरला, तर उघड्या भागावर लाल चट्टे येतात, फोडही येतात, आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. अशा डागांची एक नवी नवरी माझ्याकडे आली होती. पहिल्या दिवाळीची भेट म्हणून आलेले उटणे होते, आणि त्यात काय होते हे शेवटपर्यंत कोणालाच धड सांगता आले नाही. देणाऱ्या मावशींनी सांगलीहून कोणाकडून तरी तयार भुकटी आणून त्यात आपले चंदन मिसळले होते. तेव्हा बावची आणि लिंबाची साल गाळा. आपण स्वतः दळलेल्या वस्तूच घाला. आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर उटण्याची कोरडी पूड उडवू नका, ती श्वासातून आत जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक घरगुती भेटीबरोबर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी असावी. आत काय-काय घातले आहे, कोणत्या तारखेला केले, आणि कोणी घेऊ नये. तीन ओळी पुरतात. मुलांकडून लिहून घ्या; सुटीत त्यांना काम होते आणि अक्षरही सुधारते. काजू, शेंगदाणे, तीळ घातले असतील तर ते हमखास लिहा. शेंगदाण्याचा एक तुकडा ज्यांच्या घशाला सूज आणतो अशी माणसे आपल्याही गावात आहेत, आणि चटणीत कूट आहे की नाही हे चव घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

ही कल्पना मी प्रथम मांडली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी नाक मुरडले होते. ‘‘भेटीवर चिठ्ठी? दवाखान्यातल्या बाटलीसारखं दिसेल ते. लोक म्हणतील, डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या हातचा भरवसा नाही.’’ हा आक्षेप अनेक घरांत निघेल, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी एका शेजारणीने विचारले, ‘‘चिठ्ठीवर लसूण लिहिलाय, आमच्या सासूबाईंना चातुर्मास आहे, बरं झालं कळलं.’’ त्या सासूबाईंसाठी मग बिनलसणीची वेगळी पुडी गेली. आता आमच्या गल्लीत चार-पाच घरांतून चिठ्ठीसकट डबे येतात, आणि कोणाचे पाकसिद्धीचे गुपित फुटल्याचे मी ऐकलेले नाही. प्रमाण कोणी विचारत नाही, लिहायचे ते फक्त पदार्थ.

अमृतधारा आमच्या घरी 2016 नंतर झाली नाही. तिच्याऐवजी जवसाची चटणी करून देतो. त्या स्नेह्यांचा नातू आता शाळेत जातो आणि आलेल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तोच मोठ्याने वाचून दाखवतो. त्यांच्याकडे जायची यंदाची चिठ्ठी आमच्या सौभाग्यवतींनी कालच लिहून ठेवली: जवस, सुके खोबरे, लसूण, लाल तिखट, शेंगदाणे नाहीत, वहिनींच्या रक्तदाबासाठी मीठ निम्मे. तारखेची जागा तेवढी मोकळी आहे, चटणी अजून कुटायची आहे.