मागील पानावरून

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या दुकानी नव्या वहीची पूजा होत असे, आणि लाह्या-बत्ताशांचा प्रसाद हाती पडेपर्यंत आम्ही मुले उंबऱ्याशी तिष्ठत असू. लाल खारव्याच्या बांधणीची ती वही, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने रेखलेले स्वस्तिक आणि बोरूने लिहिलेले 'श्री' पाहून नव्या वर्षाचा सगळा व्यवहार आता निर्मळ, कोऱ्या कागदावर सुरू होणार, असे आम्हांला वाटे. परंतु पाडव्याला त्या वहीत लिहिली जाणारी पहिली रक्कम नव्या विक्रीची कधीच नसे. जुन्या वहीतील अखेरची शिल्लक 'मागील पानावरून' या शब्दांसह तेथे उतरून घेतली जाई, आणि मगच नव्या वर्षाच्या जमेला आरंभ होई.

त्या वृद्ध गृहस्थांचा दस्तूर असा, की रात्री दुकान वाढवल्यावर गल्ल्यातील नाणी मोजायची आणि रोजकीर्दीशी त्यांची रुजुवात घालायची. एकदा चार आण्यांचा फरक पडला, तेव्हा जेवणाचा निरोप दोनदा येऊनही ते उठले नाहीत. दहा वाजून गेल्यावर उदबत्तीच्या एका पुड्याची विक्री नोंदायची राहिल्याचे त्यांना आठवले, ती नोंद त्यांनी केली, खाली रेघ ओढली आणि मगच चष्मा उतरवला. श्रावणातल्या झडीत ज्या दिवशी गिऱ्हाईकच फिरकत नसे, त्या दिवशीही तारीख घालून पुढे 'निरंक' असे लिहिलेले मी त्यांच्या वहीत पाहिले आहे. आत्मसुधारणेविषयी पुढे पुष्कळ ग्रंथ वाचनात आले. परंतु त्या एका शब्दाइतके खोल माझ्या मनात दुसरे काही उतरले नाही.

दिवाळी आली की आपणही संकल्प करतो: पहाटे उठण्याचे, व्यायामाचे, वाचनाचे, जिभेला आवर घालण्याचे. पंधरवडा लोटण्यापूर्वी ते संकल्प गळून पडतात, आणि आपण आपल्या दुर्बल इच्छाशक्तीला बोल लावून मोकळे होतो. माझ्या मते दोष इच्छाशक्तीचा थोडा आणि हिशेबाच्या पद्धतीचा फार आहे. आपल्याला कोरे पान हवे असते. आपली खरी शिल्लक, म्हणजे आपला आळस, आपले अज्ञान, आपली अर्धवट सोडलेली कामे, ही पहिल्या ओळीत लिहिण्याचे धैर्य आपल्यापाशी नसते. आणि एक दिवस चुकला की 'निरंक' लिहून पुढे जाण्याऐवजी आपण वहीच मिटून टाकतो.

या संदर्भात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'आत्मवृत्त' पुन्हा उघडावेसे वाटते. १८७५ साली परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेलेल्या या मुलाला, तो वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून परीक्षेस बसू दिले गेले नाही. इतक्या श्रमांची अखेर शिल्लक शून्य! तो पुन्हा अभ्यासाला लागला, १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते, आणि स्वभाव तर कमालीचा भिडस्त. परंतु ही उणी बाजू न लपवता, ज्या कामासाठी धीटपणा लागतो तेच काम त्यांनी अंगावर घेतले आणि विधवांसाठी स्वतः काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी ते वर्गणी मागत दारोदार हिंडले. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेजातील अध्यापन संपवून, आश्रमाला लागणारे जिन्नस स्वतः वाहून नेत, चिखलाची चार मैलांची वाट तुडवून ते तेथे जात. ज्या चालण्यावर एका विद्यापीठाचा पाया उभा राहिला, ते चालणे त्या त्या संध्याकाळी पाहणाऱ्याला अगदी क्षुद्र वाटले असेल. महिला विद्यापीठ १९१६ साली निघाले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी ते पुन्हा वर्गणी गोळा करू लागले. आत्मविकासाला वयाची मुदत असते, असे मानणाऱ्यांनी हा तपशील अवश्य ध्यानी घ्यावा.

सवय या शब्दाला आपल्या भाषेत 'अंगवळणी पडणे' असा जो प्रतिशब्द आहे, तो मला फार अर्थगर्भ वाटतो. बुद्धीला पटलेली गोष्ट अंगाला वळण लावीपर्यंत ती आपली झालेली नसते. आणि अंगाला वळण लागते ते उत्साहाच्या भरात उपसलेल्या श्रमांनी लागत नाही, कंटाळ्याच्या दिवशीही न चुकवलेल्या लहानशा कृतीने लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची रीत घरोघर नव्हती. वर्षामागून वर्ष अंक निघत राहिले म्हणूनच ती मराठी घरांच्या अंगवळणी पडली.

या अंकाच्या अखेरीस एक पान आम्ही मुद्दाम कोरे सोडले आहे. त्यावर तीस ओळी आखल्या आहेत, कार्तिक महिन्याच्या तीस दिवसांपुरत्या; आणि त्यांच्यावर एक ओळ अधिक आहे, तिच्या आरंभी 'मागील पानावरून' एवढेच शब्द छापले आहेत. वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे, की पाडव्याच्या रात्री पणत्या शांत झाल्यावर ती पहिली ओळ त्यांनी आपल्या हाताने, खरी खरी भरावी. कोणती एक लहान गोष्ट रोज करणार, ते तिच्या शेजारी लिहावे. आणि ज्या दिवशी ती घडणार नाही, त्या दिवशीही तारीख घालून, संकोच न करता, 'निरंक' असे लिहून ठेवावे.