शाकारणी कोणी करायची?

मार्च उजाडला की परदेशी सहलींच्या जाहिरातींना बहर येतो. हॉलंडमधील क्युकेनहॉफचे ट्युलिपचे ताटवे, पॅरिसजवळील व्हर्सायचा राजवाडा आणि त्याच्या भोवतीची आखीवरेखीव बाग, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड ही नावे आता ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत परिचित झाली आहेत. आयुष्यभराच्या बचतीतून, किंवा मुलगा-सून तिकडे असतील तर त्यांच्या आग्रहावरून, अनेक कुटुंबे ही स्थळे पाहून येतात. त्यात गैर काहीच नाही. जग पाहावे, मात्र डोळसपणे पाहावे. क्युकेनहॉफची बाग १९५० मध्ये लोकांसाठी खुली झाली. दरवर्षी तेथे सुमारे ७० लाख कंद लावले जातात आणि वसंत ऋतूतील जेमतेम आठ आठवडे ती पाहता येते. ‘सिलसिला’ चित्रपटातील त्या फुलांच्या मागे किती माणसांचे वर्षभराचे श्रम असतात, याची कल्पना या एका माहितीवरून यावी. आम्हांला या स्थळांच्या सौंदर्याइतकेच त्यामागील व्यवस्थेचे मोल वाटते.

स्ट्रॅटफर्डचे शेक्सपिअरचे घर आपोआप उरलेले नाही. १८४७ मध्ये ते लिलावात निघाले. बार्नम नावाचा अमेरिकन खेळवाला ते उचलून आपल्या देशात नेणार, अशी हूल उठली आणि इंग्रज समाज जागा झाला. वर्गणी जमली आणि ३,००० पौंडांना ते घर विकत घेतले गेले. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन येथील घर वारसांना पोसवेना आणि सरकारही ते घेईना, तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या प्रकृतीने अधू असलेल्या स्त्रीने १८५३ मध्ये महिलांची संघटना उभी केली. पाच वर्षांनी, १८५८ मध्ये, या महिलांनी २ लाख डॉलरना घराचा सौदा केला. आजही ते घर त्याच महिला संस्थेच्या मालकीचे आहे. इंग्लंडमधील ‘नॅशनल ट्रस्ट’ १८९५ मध्ये स्थापन झाला आणि त्याने पहिले घर घेतले ते अवघ्या १० पौंडांना. आल्फ्रिस्टन गावातील पेंढ्याने शाकारलेले जुने पाद्र्याचे घर होते ते. आज ५० लाखांहून अधिक सभासद असलेल्या संस्थेचा आरंभ एका गळक्या छपरापासून झाला, हे सहलीला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र मुंबईहून लोकलने दोन तासांवर आहे. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्र नसलेले, डोंगराच्या कुशीतील तालुके. भात हे येथील पीक. कोकण कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने दिलेले ‘कर्जत’ नावाचे भाताचे वाण महाराष्ट्रभर पेरले जातात. परंतु सध्या याच खाचरांत दुसऱ्या घरांचे पीक जोमाने येत आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, २०२४ मध्ये अटल सेतू आला, २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रत्येक टप्प्याबरोबर जमिनीचा भाव चढला आणि बांधांच्या जागी कुंपणाच्या भिंती आल्या. भिंतीआड बंगला, पोहण्याचा तलाव आणि हिरवेगार लॉन. लॉन ही बारमाही रिमझिम असलेल्या देशाची चीज. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ज्या तालुक्यातील ठाकूर-कातकरी वाड्यांवरील माताभगिनी हंडे घेऊन डोंगर उतरतात, त्याच तालुक्यात गवतावर नळ्या सोडलेल्या दिसतात. बाग असावी, पण ती भूमीला शोभणारी असावी. येथील जुन्या घरांच्या परसात तुळशीवृंदावन असे, देवाच्या फुलांसाठी जास्वंद, तगर, अनंत, प्राजक्त असे आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळी वाढत. त्या बागेला वेगळे पाणी लागत नसे.

या जुन्या घरांची कथा सांगायची तर आरंभ चौक गावापासून करावा लागतो. खालापूर तालुक्यातील चौक हे सरनौबत नेताजी पालकरांचे गाव, अशी परंपरा आहे. शिवछत्रपतींच्या या सेनापतीला आग्र्याहून सुटकेनंतर औरंगजेबाच्या आज्ञेने कैद झाली, १६६७ मध्ये सक्तीने धर्मांतर झाले, अफगाण सीमेपर्यंत पाठविले गेले आणि १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना सन्मानाने स्वधर्मात परत घेतले. हिंदू समाजाच्या इतिहासात या एका प्रसंगाचे स्थान केवढे आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पुढे मे १८५० मध्ये ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौक गावी तळ देऊन होता. एका सायंकाळी तो वरचा डोंगर चढून गेला आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरला. त्यानंतर माथेरान ‘सापडले’ अशी नोंद झाली. वाटेला रामबाग हे नाव होते, म्हणजे वाट वहिवाटीची होती, हे त्या नोंदीतच दडलेले आहे. आज माथेरानमध्ये शार्लोट तलाव आहे, लुइझा पॉइंट आहे, अलेक्झांडर पॉइंट आहे. १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी स्वतःच्या खर्चाने उभारली, हे तरी अनेकांना ठाऊक असते. चौक पॉइंटवर मात्र खाली पाहत छायाचित्रे निघतात आणि तो ‘चौक’ कोणाचा, हे विचारणारा विरळाच.

चौकजवळच हातनोलीच्या शिवारात कै. नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चित्रनगरी उभारली. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तेथे प्लास्टरमध्ये उभा राहिला आणि तो पाहण्यास लोकांची रीघ लागली. देसाई हे प्रतिभावंत कलावंत होते, त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण प्लास्टरचा आग्रा पाहून परतणाऱ्या मोटारी नेताजींच्या गावातून जातात आणि तेथे थांबत नाहीत, ही विसंगती आम्हांला बोचते.

माथेरानचेच दुसरे नाव घ्यावयाचे तर ते हुतात्मा भाई कोतवाल यांचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका सामान्य नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, सावकाराच्या दाराशी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर पहाटे माणसे जमतात, मानवंदना होते. हे स्तुत्यच आहे. पण माथेरानला येणाऱ्या किती शाळकरी मुलांना घोडेवाला त्यांचे नाव सांगतो?

बागांविषयी बोलताना नाना फडणवीसांना वगळून चालणार नाही. बोरघाट चढण्यापूर्वी प्रवासी जेथे विसावत, त्या खोपोलीत नानांनी दगडी तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले. शतकामागून शतक घाटवाटेवरचे थकलेले लोक तेथे पाय धुऊन पुढे गेले. वाईजवळ मेणवलीला नानांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आजही पाहण्यासारखा आहे. पेशवाईत बाग हा शब्द केवळ फुलझाडांपुरता नव्हता. पुण्यातील हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, विश्रामबाग, आणि स्वयंसेवकांना घरच्यासारखी असलेली मोतीबाग, यांपैकी किती ठिकाणी आज झाडे उरली आहेत, हा हिशेब पुणेकरांनीच मांडावा! खोपोलीचा तलाव तरी आपल्या नगरात आपण स्वच्छ राखू, एवढे तेथील बांधवांनी ठरवले तर पुरेसे आहे.

खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले आणि गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगतात. अखंड तेवतो याचा व्यवहारातील अर्थ असा, की रोज कोणीतरी तेल घालतो, वात पुढे सरकवतो. तेथे पाळी ठरलेली असते. देवळांच्या बाबतीत आपला समाज ही पाळी कधी चुकवीत नाही. घरांच्या बाबतीत मात्र आपण कोनशिला बसवतो, हार घालतो आणि परततो. कोकणातील कौलारू घराला हार नको, शाकारणी हवी. वानरे कौले सरकवतात, वाऱ्याने फटी पडतात. एक वर्ष शाकारणी चुकली की पाणी वाशांत मुरते, पुढच्या वर्षी वाळवी लागते आणि मग मातीची भिंत पाघळते. जपानमध्ये इसे येथील सूर्यदेवतेचे लाकडी मंदिर दर २० वर्षांनी जसेच्या तसे नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते ६२ व्यांदा बांधले गेले. सुतारकामाची विद्याही त्यामुळे जिवंत राहिली. आपल्याकडे कौले फिरवणारा माणूस शोधावा लागतो, ही आजची स्थिती आहे.

कर्जत-खालापूरच्या गावठाणांत ओटी, पडवी, माजघर, माळा असलेली अशी घरे अजून उभी आहेत. मालकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. घरपट्टीच्या उताऱ्यावर दहा-बारा नावे, अर्धी मुंबई-पुण्यात, एक-दोन अमेरिकेत. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नाही आणि दारात जमिनीचा दलाल उभा असतो. १९६० च्या पुरातत्त्व कायद्याने राज्य सरकार मोजक्या वास्तूंना संरक्षण देते. सामान्य कुळाचे घर त्या यादीत येणार नाही. येण्याची आवश्यकताही नाही. लंडनमध्ये हायगेटच्या ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरावर, म्हणजे सावरकरांच्या ‘इंडिया हाउस’वर, तेथील महापालिकेने १९८५ मध्ये स्मृतिफलक लावला. आत लोक राहतात, चूल पेटते, आणि फलकही आहे. सहलीला लंडनला जाणाऱ्यांनी तेवढी एक दुपार हायगेटसाठी राखून ठेवावी. श्यामजी कृष्णवर्मांच्या जन्मगावी, कच्छमधील मांडवी येथे, याच घराची प्रतिकृती २०१० मध्ये उभी राहिली. प्रतिकृती बांधावी लागण्यापूर्वी मूळ घर राखणे स्वस्त पडते, हे आपल्या कोकणालाही लागू आहे.

एकनाथजी रानडे यांनी घरोघरचा एक-एक रुपया जमवून १९७० मध्ये विवेकानंद शिलास्मारक पुरे केले. त्या मानाने हे काम फार लहान आहे. प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी एक वही करावी. घर कोणाचे, किती जुने, त्यात कोण होऊन गेले, शाकारणी शेवटची कधी झाली, एवढेच लिहावे आणि आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून लिहावे. कुटुंबाची संमती असेल तेथे मे महिन्यातील दोन रविवार शाखेच्या तरुणांनी जाणत्या शाकारणाऱ्याच्या हाताखाली काम करावे. घर कुटुंबाचेच राहील. शहरातील वाचकांनी सुटीत एक दिवस चौक, महड, खोपोली असा करावा आणि दुसरा शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांच्या घरी व पेण तालुक्यात गागोद्याला विनोबांच्या जन्मघरी जावे. फार्महाऊस घेतलेल्या मंडळींनी लॉनच्या एका तुकड्यात तरी अनंत आणि प्राजक्त लावावा, आणि शेजारच्या जुन्या घरातील आजींकडून त्याची फांदी मागून आणावी. वही आत्ताच सुरू करता येईल. कौले मात्र रोहिणी लागण्यापूर्वी चढली पाहिजेत. मृगाच्या सरी आल्या की छपरावर पाय ठरत नाही.